विक्रांतची दोन पाती: ३०० की ३१०?

भारतीय नौदलाच्या विमानांचा विषय निघाला की बहुतेकांना आठवतं ते ३०० क्रमांकाचं स्क्वॉड्रन (विमानांची तुकडी), म्हणजे 'व्हाइट टायगर्स'. स्वाभाविकच आहे. जुलै १९६० मध्ये ब्रिटनमध्ये सी हॉक जेट घेऊन ते उभं राहिलं. ३१० म्हणजे 'कोब्राज' आलं मार्च १९६१ मध्ये, फ्रान्सहून, अलीझे विमानं घेऊन. दोघांचं विमानवाहू जहाज एकच, आयएनएस विक्रांत.

सी हॉकमध्ये वैमानिक एकटा. चार तोफा, बॉम्ब, झटपट हल्ला. अलीझे दिसायला बोजड, पंख्यावर चालणारं, वेग कमी. पण आत तिघे जण, पोटाखाली रडार आणि तासन्‌तास समुद्र चाळायची चिकाटी. पाणबुडी हुडकायची तर जेटचा वेग काय कामाचा?

१९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. श्रेय मिळालं, मिळायलाच हवं. अलीझेही लढत होती, रात्रीसुद्धा. पश्चिमेकडे मात्र १० डिसेंबरला एका अलीझेला पाकिस्तानी एफ-१०४ ने पाडलं; तिघेही गेले. लढाऊ जेटसमोर त्या विमानाचा काय निभाव लागणार!

पुढे ३०० कडे सी हॅरियर आली, २०१६ पासून मिग-२९के. ३१० आता डॉर्नियर या टेहळणी विमानांवरून किनारा राखतं. गोव्यात दाबोळी विमानतळावर उतरताना खिडकीतून यातलं एखादं दिसलं तर मुलं मिगकडे बोट दाखवतात. मी डॉर्नियर शोधतो.