ब्लिझॅक टायर: बर्फात गाडी घसरवण्याची हौस असलेल्यांसाठी

रात्रीच्या रिकाम्या, बर्फाने भरलेल्या पार्किंगमध्ये गाडी मुद्दाम घसरवायची तर टायर जितका गुळगुळीत तितकी मजा जास्त, असं अनेकांना वाटतं. झिजलेल्या टायरवर गाडी घसरते खरी, पण तिच्या मर्जीने. स्टिअरिंग फिरवलं की नाक वळलं पाहिजे, नाहीतर चालकाच्या सीटवर बसूनही तुम्ही नुसते प्रवासी. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक इथे भाव खाऊन जातो.

१९८८ मध्ये जपानात आलेला हा बिनखिळ्यांचा, म्हणजे पकडीसाठी धातूचे खिळे न ठोकलेला, हिवाळी टायर. शून्य अंशाच्या आसपास कडक बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि खरा घसरवणारा तोच. ब्लिझॅकच्या रबरातली सूक्ष्म छिद्रं ते पाणी ओढून घेतात, मग रबर बर्फाला टेकतं. उन्हाळी टायर ७ अंशांखाली कडक व्हायला लागतो, हा थंडीतही मऊ राहतो. ताज्या भुसभुशीत बर्फात मात्र काम खाचांचं. दोन फेऱ्या मारून टायर पाहिलात तर नक्षीच्या ठोकळ्यांमधल्या बारीक चिरा पांढऱ्याफटक भरलेल्या दिसतील. तो बर्फ उकरून काढू नका. बर्फाला बर्फ धरतो, पकड तिथूनच येते.

सुरुवात मालकाची परवानगी असलेल्या जागेतच, आणि आधी पायी फिरून. बर्फाखाली दडलेला कठडा रिम वाकवतो. फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना) असेल तर वेग २०-२५ किमी, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग थोडं वळवा, हँडब्रेकचं बटण दाबून धरूनच क्षणभर ओढा आणि सोडा. मागची चाकं सुटली की नजर जायचंय तिकडे आणि गॅस अगदी हलका. ब्लिझॅकची खासियत इथे कळते: शेपूट झटक्यात नाही, हळूहळू सुटतं, सावरायला वेळ मिळतो. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये दुसऱ्या गिअरवर हलका गॅस पुरतो, हँडब्रेकची गरजच नाही. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकवर हा खेळ जमत नाही. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मॅन्युअल वाचल्याशिवाय हँडब्रेक ओढू नये.

स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा. बऱ्याच गाड्यांत तिचं बटण नुसतं दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस देताना चाकं जागच्या जागी फिरू न देणारा भाग) बंद होतं. पूर्ण बंद करायला ते काही सेकंद दाबून धरावं लागतं, आणि काही गाड्यांत तरीही वेग वाढला की ते आपोआप परत चालू होतं. गाडी मध्येच आखडल्यासारखी वाटली तर टायरला दोष देऊ नका.

आता तक्रारी. कोरड्या रस्त्यावर ठोकळे डोलतात, स्टिअरिंग सैल लागतं आणि ब्रेकला जास्त अंतर लागतं. उन्हाळ्यात चालवलात तर रबर भराभर उडतं. त्याहून मोठी गोष्ट: बऱ्याच मॉडेलांत छिद्रांचं रबर नक्षीच्या साधारण वरच्या अर्ध्या खोलीपर्यंतच असतं. नव्या टायरची नक्षी साधारण ९ मिमी. निम्मी झिजली की कायद्याने टायर चालेल, पण कडक बर्फावरची जादू संपलेली असते. जुना जोड विकत घेताना हे नक्की मोजा.

पैसे वाचवायला दोनच टायर, तेही पुढे, हा उद्योग करू नका. पुढचं नाक धरतं, मागचं सुटतं आणि साध्या वळणावर गाडी गिरकी घेते. चारही घ्या, बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळा. हवा बाहेरच्या थंडीत तपासा: तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआय घटतो. म्हणजे २० अंशांच्या गॅरेजात भरलेला टायर उणे १५ ला सहाएक पीएसआय कमी दाखवतो.

खेळ झाल्यावर रस्त्याला लागण्याआधी स्टॅबिलिटी कंट्रोल चालू करा आणि रिमच्या आतल्या बाजूला साचलेला बर्फ ब्रशने काढा. तो राहिला तर चाकाचा तोल जातो आणि वेग घेताच स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग बिघडलं समजून लोक उगाच वर्कशॉप गाठतात.