सहा इंची एक्झॉस्ट फॅन : २२५ चौरस फुटांच्या घरात एक वर्ष

धाकट्याला दर पावसाळ्यात खोकला, छातीत शिट्टी, मग दवाखान्यात मशीनवर वाफ. गेल्या जुलैत डॉक्टर मॅडमनी तोंडाने ओढायचा औषधाचा पंप लिहून दिला आणि विचारलं, "खिडकी किती वेळ उघडी असते?" मी गप्प झाले. गोवंडीतली पुनर्वसनाची इमारत, दुसरा मजला. समोर तीन मीटरवर दुसरी भिंत, खाली हाउस गल्लीतला कचरा. उघडणार कशी?

त्याच आठवड्यात फॅन आणला. १,२५० रुपये, बसवायचे ३०० वेगळे.

पहिला महिना पैसे फुकट गेले असंच वाटलं. फोडणी टाकली की पोराला ठसका ठरलेला. मग लक्षात आलं, फॅन खिडकीत वर आणि त्याच्याच खाली सरकती काच उघडी! तो तिथूनच हवा ओढायचा आणि तिथेच सोडायचा, धूर घरातच. आता काच बंद आणि पॅसेजचं दार उघडं, त्याला जाळी लावली. हवा दारातून येते, सगळं घर ओलांडून बाहेर जाते. मिरचीची फोडणीही दहा मिनिटांत निवते. पावसात कपडे घरातच वाळतात, म्हणून रात्रीही चालू ठेवते; कपाटामागे यंदा बुरशी आली नाही. वरच्या मोरीतून झिरपणारी ओल मात्र तशीच आहे, ती फॅनने जायची नाही.

फॅन आहे म्हणून डासांची कॉइल लावू नका, हात जोडून सांगते. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ च्या अभ्यासात मोजलंय. आम्ही मच्छरदाणी घेतली. मला वाटतं, निम्मा फरक तिचाच.

आवाज बऱ्यापैकी होतो. पाती तेलकट होतात, पंधरा दिवसांनी पुसावीच लागतात. थंडीत बाहेरच धुरकट असतं, तेव्हा फक्त स्वयंपाकापुरता लावते.

पंप डॉक्टरांना विचारूनच चालू ठेवलाय. मशीन यंदा एकदाच लागलं, गेल्या वर्षी पाचदा. माझ्याकडून चार तारे.

तळमजल्यावरच्या वहिनींनीही माझं बघून बसवला. त्यांच्याकडे भर दुपारी ट्यूब लावावी लागते, पॅसेजमध्येच वारा नाही, तर फॅन ओढणार काय? २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या अभ्यासात आमच्याच भागातल्या अशा वसाहतींत कमी उजेड-वाऱ्याचा क्षयरोगाशी संबंध दिसला होता. त्यांची मुलगी अजून रात्रभर खोकते.