अमळनेरच्या धाब्याच्या घराचे नवे वायरिंग: कामाचे परीक्षण

अमळनेरमधील आमच्या वडिलोपार्जित धाब्याच्या घरातले लाकडी पट्टीवरचे जुने वायरिंग काढून शहरातल्याच एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून ते पूर्ण नव्याने करून घेतले. भिंती लिंपून, स्विचच्या पट्ट्या बसल्या की चांगले आणि वाईट वायरिंग बाहेरून सारखेच दिसते. म्हणून मी या कामाचे मोल एकाच गोष्टीवरून ठरवतो: मीटरपासून शेवटच्या बोर्डापर्यंत वायरचा रंग आणि तिचे काम यांचा मेळ राहिला आहे का?

आपल्याकडे सिंगल फेजच्या घरगुती जोडणीत फेजसाठी (वीज आणणारी) लाल, न्यूट्रलसाठी (वीज परत नेणारी) काळी आणि अर्थिंगसाठी (गळती जमिनीत नेणारी) हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर वापरतात. थ्री फेज असल्यास लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेजच्या वायर असतात, न्यूट्रल मात्र काळीच राहते. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये हा नियम जागोजागी मोडलेला निघाला. माजघरातल्या बोर्डात फेज काळ्या वायरने आली होती आणि स्विच न्यूट्रलवर बसवलेला होता. अशा जोडणीत स्विच बंद केल्यावर दिवा विझतो, परंतु होल्डरमध्ये 230 व्होल्टचा दाब तसाच राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. स्वयंपाकघरातला प्रकार त्याहून गंभीर होता. तेथे सॉकेटची अर्थची पिन आखूड वायरने न्यूट्रललाच जोडलेली होती. मागे कुठेही न्यूट्रल तुटली असती, तर त्या सॉकेटवर लावलेल्या मिक्सरच्या किंवा फ्रिजच्या धातूच्या अंगात थेट फेज उतरली असती.

ठेकेदाराच्या कामाची पद्धत मला मनापासून आवडली. मेन स्विच बंद केल्यावरही त्यांनी एकाही वायरला लगेच हात लावला नाही. विजेचा दाब मोजायचा हातातला मीटर आधी चालू असलेल्या जागी लावून तो नीट दाखवतो याची खात्री केली, मग बंद केलेल्या वायरवर लावला आणि पुन्हा चालू जागी लावून पाहिला. खिशातल्या टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वायर मेली, असे त्यांनी कधीच गृहीत धरले नाही, आणि ते योग्यच आहे. लख्ख उन्हात तो मिणमिणता दिवा दिसत नाही, तर कधी शेजारच्या वायरच्या प्रभावाने बंद वायरवरही लागतो. हाताखालच्या मुलाला ते अहिराणीत बजावत होते, “भाऊ, रंग दखीसन वायरले हात लावानं नई.” स्वतः रंगांची इतकी शिस्त पाळणाऱ्या माणसाने हे सांगावे, याचे मला विशेष वाटले.

दिव्यांसाठी 1.5, सॉकेटसाठी 2.5 आणि एसीसाठी 4 चौरस मिलिमीटरची, आयएसआय चिन्ह असलेली वायर टाकली आहे. प्रत्येक सर्किटची न्यूट्रल डीबीपर्यंत, म्हणजे सर्व सर्किट जिथून निघतात त्या मुख्य पेटीपर्यंत, स्वतंत्र परत आणली आहे. जिन्याच्या दोन स्विचमधल्या वायर एकाच रंगाच्या असल्याने त्यांच्या टोकांना क्रमांकाच्या बारीक नळ्या चढवल्या आहेत. हे काम कोणाला दिसणार नाही, तरी पुढे बोर्ड उघडणाऱ्याचे कष्ट आणि धोका त्याने वाचेल.

खान्देशात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि घरोघरी पत्र्याचे कूलर लागतात. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र येणारे याहून धोक्याचे उपकरण आपल्या घरात क्वचितच असेल. आमच्या कूलरला बाजारातून आणला तेव्हापासून दोनच तारांची वायर होती. ठेकेदारांनी ती काढून तीन तारांची केबल लावली, पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा केला आणि हिरव्या-पिवळ्या वायरच्या टोकाला लग (धातूचे कडे) लावून ती तेथे बोल्टने आवळली. या केबलमध्ये तपकिरी वायर फेज आणि फिकट निळी वायर न्यूट्रल असते, हे प्रत्येकाने लक्षात ठेवले पाहिजे, कारण थ्री फेजच्या जोडणीत निळी वायर फेजची असते आणि एकाच घरात हे दोन्ही निळे रंग असू शकतात. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून हाती पक्कड घेणाऱ्यांनी तर फारच सावध राहावे. तेथे काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते.

अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून नव्याने भरला आहे. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळली की तिचा विद्युत रोध वाढतो, म्हणून त्या खड्ड्यात पाणी ओतत राहण्याची सूचना त्यांनी दिली. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विचही बसवला असून त्याचे टेस्ट बटण दाबून दाखवले. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरना हात लागला, तर गळती होत नसल्यामुळे हे उपकरण वाचवू शकत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. कूलरमध्ये पाणी भरताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढलाच पाहिजे.

माझी तक्रार इन्व्हर्टरच्या जोडणीबद्दल आहे. त्याच्या फेजसाठी त्यांनी निळी वायर वापरली. ती मुख्य फेजपासून वेगळी ओळखू यावी हा हेतू मला पटतो, परंतु कूलरच्या केबलमधली न्यूट्रल निळी असताना येथे दुसरा रंग निवडायला हवा होता. शिवाय मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची ही वायर जिवंत राहते, आणि तशी सूचना डीबीवर आधी लिहिलेली नव्हती. मी सांगितल्यावर त्यांनी डीबीच्या दारावर ठळक मराठी अक्षरांत ती लावली, प्रत्येक एमसीबीखाली (जास्त प्रवाह झाल्यास आपोआप बंद होणाऱ्या स्विचखाली) खोलीचे नाव लिहिले आणि जोडणीचा नकाशा हाताने काढून दिला. हा नकाशा मागावा लागू नये. तो कामाचाच भाग आहे.

आम्हाला मिळालेल्या इतर अंदाजपत्रकांपेक्षा यांचा दर जास्त होता. तो फरक मुख्यतः सर्व सॉकेटपर्यंत नेलेल्या हिरव्या वायरचा आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा होता. स्वस्त अंदाजपत्रकांत या दोन्ही बाबींचा उल्लेखच नव्हता. जुन्या घराचे वायरिंग बदलायचे असणाऱ्यांना मी या ठेकेदारांकडे निःशंकपणे पाठवीन, मात्र इन्व्हर्टरच्या वायरचा रंग अंदाजपत्रकातच लिहून घ्यावा, असेही त्यांना सांगेन.