न वाजवता घेतलेली बेस कॅब, आठ महिन्यांनंतर (आणि त्या एका हँडलची गोष्ट)

आठ महिने झाले कॅब घेऊन, म्हणजे बेस गिटारच्या अ‍ॅम्पला जोडायचा स्पीकरचा डबा. लिहायचं केव्हापासून मनात होतं, पण सर्व्हिसवाल्यांशी चाललेलं प्रकरण मिटल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, नाहीतर सगळा रिव्ह्यू रागातच लिहिला गेला असता. काल प्रॅक्टिसला तीन तास वाजवलं, ई तारेवरचा तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरची पट्टी), म्हणजे खालचा जी हा सूर, दर गाण्यात येत होता आणि एकदाही झर्र झालं नाही. म्हणून आज बसलोय.

कॅबचं पटकन सांगतो. दोन बारा इंची स्पीकर, हॉर्न (वरच्या सुरांसाठीचा छोटा स्पीकर), पुढच्या बाजूला पोर्ट (डब्यातली हवा बाहेर यायचं भोक), ८ ओहम, निओडिमियम मॅग्नेट, वजन १९ किलो. अ‍ॅम्प ५०० वॅटचा, पण ते ४ ओहमला, ८ ओहमच्या एकट्या कॅबला त्यातले निम्मे किंवा थोडे जास्त मिळतात. कंपनीचं नाव देत नाहीये कारण माझ्या एका पीसवरून सगळ्या मालाला नावं ठेवणं बरोबर नाही, आणि पुढे वाचाल तर कळेल की मी ही कॅब विकत नाहीये.

आधी वाजवून का बघितली नाही? मिळालीच नाही बघायला. गिटारचे अ‍ॅम्प सगळीकडे रांगेने मांडलेले असतात, बेसच्या कॅब कोपऱ्यात एखाद-दुसरी, त्यात मला हवी ती कधीच नसते. मग महिनाभर नुसते आकडे वाचत बसलो, आणि त्यातून जे कळलं ते आधी सांगतो कारण ते खरंच उपयोगी पडलं.

वॅटचा आकडा बघून कॅब घेऊ नका, अगदी कळकळीने सांगतो. तो आकडा म्हणजे स्पीकरची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) किती उष्णता सोसेल एवढंच. खालच्या नोटांना कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) पुढेमागे किती जाऊ शकतो ही मर्यादा त्याच्या बरीच आधी येते. बघायचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, १ वॅट देऊन १ मीटरवर किती डेसिबल. ९७ आणि १०० डेसिबलमध्ये फरक फक्त तीनचा दिसतो, पण तेवढा आवाज भरून काढायला अ‍ॅम्पची ताकद दुप्पट लागते. म्हणजे जास्त सेन्सिटिव्हिटीची कॅब घेतली तर मोठा अ‍ॅम्प घ्यायचा खर्च वाचतो, आणि माझ्यासारख्या पैसे मोजून वापरणाऱ्याला हे फार महत्त्वाचं आहे. फक्त हा आकडा मधल्या पट्ट्यातला असतो, खालच्या ई ला, म्हणजे ४१ हर्ट्झला, कुठलीही कॅब त्याच्या बरीच खाली असते. आणि "४० हर्ट्झपासून" एवढंच लिहिलं असेल तर त्याला काडीचा अर्थ नाही, किती डेसिबल खाली जाऊन ४० ते लिहिलेलं पाहिजे. अँपेग कंपनीच्या दहा इंची आठ स्पीकरवाल्या सीलबंद (पोर्ट नसलेल्या) कॅबचं उदाहरण घ्या, सगळे तिच्या खोल बेसबद्दल बोलतात, पण तिच्याच स्पेक्समध्ये ५८ हर्ट्झला ३ डेसिबल आणि ४० ला १० डेसिबल खाली असं स्वच्छ लिहिलेलं असतं. तरी ती भरदार वाटते कारण कान मूळ ४१ पेक्षा त्याच्या वरचे ८२ आणि १२३ जास्त पकडतो.

दुसरं म्हणजे हॉफमनचा नियम. छोटा डबा, खोल बेस आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. एखादी कॅब तिन्ही देते असं सांगत असेल तर कुठलातरी एक आकडा फुगवलेला आहे हे समजून चला. पंधरा इंची म्हणजे जास्त बेस हेही खरं नाही, डब्याचं आकारमान आणि स्पीकरची घडण यावर सगळं ठरतं. मी मध्यम डबा घेतला, जिन्यावरून एकट्याला नेता येईल असा.

आली तेव्हा मल्टिमीटर लावला, ६.१ ओहम दाखवलं. ८ ओहमच्या कॅबला डीसीला साधारण सहाच्या आसपास येतं त्यामुळे बरोबर. मग ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवून बघितली, दोन्ही कोन एकदमच बाहेर आले, म्हणजे एकाची वायर उलटी नाही. दोनपैकी एक उलटा जोडलेला असला तर बेस पार गायब होतो. हे दोन मिनिटांचं काम आहे, सगळ्यांनी करा.

आणि तरी पहिला महिना मी नाराज होतो. नीट लिहितो कारण तेव्हा एका मित्राला "घेऊ नकोस" असं सांगून बसलो होतो आणि नंतर मत बदललं. खालचा ई ठीक यायचा, ए ठीक यायचा, आणि डी तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा एफ यायचा तो जणू कोणी त्याच्यावर उशी दाबून धरलीये असा. मी ईक्यू (आवाजातला बेस-ट्रेबल कमीजास्त करायची बटणं) फिरवून फिरवून दमलो, तारा बदलल्या, पिकअपची उंची बदलली. मग वाचताना कळलं की कॅबचं तोंड मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेला आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खाऊन टाकतो. ध्वनीचा वेग ३४३ मीटर, त्याला अंतराच्या चौपटीने भागायचं, बस. आणि तो एफ बरोब्बर ८७ ला आहे! कॅब सरकवून भिंतीला टेकवली (पोर्ट पुढे असल्याचा हा फायदा) आणि एफ परत आला, शिवाय खालच्या सुरांचा सगळा पट्टा भरला तो वेगळाच. त्या रात्रीच मित्राला फोन करून सांगितलं की माझं चुकलं, कॅबचा काही दोष नव्हता.

आता मुख्य विषय.

तिसऱ्या महिन्यात जी ला झर्र यायला लागलं. फक्त खालच्या जी ला, ४९ हर्ट्झ, थोडंसं एफ शार्पला, ए ला जवळजवळ नाही. हळू वाजवलं तर नाही, बँडबरोबरच्या आवाजात वाजवलं की हमखास. ज्याने हा त्रास भोगलाय त्यालाच कळेल, एकच नोट खराब असली की हात आपोआप ती टाळायला लागतो, मी जी च्या जागी वरचा जी घ्यायला लागलो आणि ड्रमर म्हणाला की तू गाणं बदललंस का.

आधी संशय ड्रमसेटमधल्या स्नेअर ड्रमवर, कारण स्नेअरच्या खालच्या तारा बेसला झणझणतातच. त्या सोडून ठेवल्या, तरी आवाज. खिडकीच्या काचा हाताने धरल्या, तरी आवाज. शेवटी कॅब उचलून बाहेर उघड्यावर नेली, तरी झर्र. मग मात्र पोटात गोळा आला, म्हटलं कोन फाटला किंवा कॉइल घासतेय.

फोनमध्ये टोन काढायचं अ‍ॅप असतं ते अ‍ॅम्पला जोडलं आणि ४० पासून हळूहळू वर गेलो, आवाज कमीच ठेवून. ४८-४९ ला झर्र सुरू झालं आणि तेव्हा एक गोष्ट दिसली ज्याने सगळं फिरलं: जाळीतून टॉर्च मारून बघितलं तर त्याच ठिकाणी कोन जवळजवळ हलतच नव्हता. ६० ला चांगला हलताना दिसत होता, ४९ ला शांत. पोर्टवाल्या कॅबचं असंच असतं, पोर्ट ज्या सुरावर लावलेला असतो तिथे पोर्टमधली हवा सगळं काम करते, कोन कमीत कमी हलतो आणि डब्यातला हवेचा दाब जास्तीत जास्त असतो. म्हणजे कोन घासत असता तर तो जिथे जास्त हलतो तिथे आवाज आला असता. इथे तर दाब जास्त तिथे आवाज, म्हणजे हवा कुठूनतरी निसटतेय.

टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि टोन चालू ठेवून कॅबच्या सगळ्या सांध्यांवरून फिरवली. हॉर्नच्या कडेला काही नाही, मागच्या जॅकच्या प्लेटला काही नाही, डावं हँडल काही नाही. उजव्या हँडलच्या खालच्या मागच्या कोपऱ्याशी आणली आणि पट्टी फडफडायला लागली, कोपऱ्याबाहेर नेली की थांबली. अंगठ्याने तो कोपरा दाबला, झर्र बंद. सोडला, सुरू. दाबला, बंद. दहा-बारा वेळा केलं असेल मी ते. आत खोल बसवलेलं प्लॅस्टिकचं वाटीसारखं हँडल, त्याच्याखाली हवा अडवायला फोमचं गॅस्केट असतं, ते त्या कोपऱ्यात घडी पडून बसवलेलं होतं आणि तिथला स्क्रू लाकडात नुसता गरगर फिरत होता.

व्हिडिओ काढून सर्व्हिसला पाठवला, अंगठा दाबतानाचा, टिश्यूचा, सगळा. उत्तर आलं की ईक्यूवर बेस कमी करा. परत लिहिलं की हवा गळतेय, दिसतेय. उत्तर आलं की कॅब पाठवा, जायचं-यायचं भाडं तुमचं. १९ किलोचा डबा दोन्हीकडून पाठवायचा तर काय खर्च येतो ते काढून बघितलं, त्यात एक बऱ्यापैकी वापरलेला पेडल आला असता, एका स्क्रूसाठी! म्हटलं नुसतं गॅस्केट पाठवा, मी बसवतो. तर म्हणे सुटा पार्ट देत नाही आणि स्क्रू काढलात तर वॉरंटी संपली. तीन आठवडे हे चाललं. मी एकच धरून बसलो, हँडलचे स्क्रू बाहेरून आहेत, स्पीकरला हात लागत नाही, तेवढं काढून बसवायला हरकत नाही असं लेखी द्या. शेवटी तेवढं एका ओळीत लिहून दिलं. गॅस्केट शेवटपर्यंत दिलं नाही. माझा राग त्या गॅस्केटचा नाही, ग्राहकाने दोष शोधून, दाखवून, दुरुस्तीही स्वतः करतो म्हणून सांगितलं तरी आधी "ईक्यू कमी करा" म्हणायचं याचा आहे.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. दारं-खिडक्यांच्या फटींना लावायची चिकट फोमची पट्टी आणली, बंद छिद्रांची, हे महत्त्वाचं आहे, स्पंजसारख्या उघड्या छिद्रांच्या फोममधून हवा आरपार जाते. जुनं गॅस्केट खरवडून काढलं, चारी बाजूंनी पट्टी लावली, कोपऱ्यात तुकडे एकमेकांना नीट भिडवून. ढिल्या भोकात लाकडाचा डिंक लावून तीन टूथपिक घुसवल्या, वाळू दिलं एक रात्र, कडेला कापून टाकल्या आणि स्क्रू हातानेच पिळला. ड्रिल लावू नका, प्लायमध्ये भोक परत मोठं होतं. दुसऱ्या दिवशी ४० ते १०० टोन फिरवला. काही नाही. स्वच्छ. पुढचे पाच महिने हेच आहे.

या सगळ्यात एक मत पक्कं झालं. सुरुवातीला मी स्वतःलाच दोष देत होतो की वाजवून बघितली असती तर हे झालं नसतं. आता तसं वाटत नाही. तिथे दहा मिनिटं, दुसऱ्याच्या अ‍ॅम्पवर, दबक्या आवाजात वाजवलं असतं तर हे झर्र ऐकूच आलं नसतं, आणि तेव्हा तो स्क्रू कदाचित घट्टही असेल. एफचा खड्डा तर त्या खोलीत वेगळ्याच नोटवर पडला असता. कॅब आपल्या खोलीत, आपल्या अ‍ॅम्पवर, ड्रमच्या शेजारी वाजल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे "ट्राय करता येईल का" याच्यापेक्षा "परत करता येईल का, आणि परतीचं भाडं कोणाचं" हे आधी विचारा. मी हे विचारलं नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. हॉर्न मी पाऊण बंद ठेवतो, पूर्ण उघडला की बोटांची खसखस आणि अ‍ॅम्पची हिस्स दोन्ही येतात, पण स्लॅपला (अंगठ्याने तारा आपटून वाजवताना) उघडला की मजा येते. जवळ उभं राहून वाजवणार असाल तर कॅब थोडी मागे कलती ठेवा, बारा इंची स्पीकरचे वरचे सूर सरळ रेषेत गुडघ्यांवर जातात आणि आपल्याला वाटतं आवाज गढूळ आहे. स्पीकॉनचीच (फिरवून लॉक होणाऱ्या स्पीकर जॅकची) केबल वापरा, गिटारची बारीक केबल कॅबला लावू नका. खालच्या बी साठी ही पुरेशी नाही, पाच तारांचा बेस मागून आणून वाजवला, ३१ हर्ट्झ पोर्टच्या सुराच्या खाली पडतं, तिथे कोनाला मागून हवेचा आधारच राहत नाही आणि तो उगाच लांब लांब हलतो. अ‍ॅम्पवर हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या सुराखालचा आवाज कापणारा) असेल तर ३५ च्या आसपास लावून ठेवा, चार तारांनाही कोन वाचतो.

पुढच्या वर्षी अशीच दुसरी घ्यायचा विचार आहे. दोन ८ ओहमच्या मिळून ४ होतात, अ‍ॅम्पची सगळी ताकद मिळते आणि एकूण ६ डेसिबलपर्यंत वाढ होते. तीही न वाजवताच येणार. आली की परतीची मुदत संपायच्या आत टोन आणि टिश्यूची पट्टी, दोन्ही हँडलना, चारी कोपऱ्यांना.