ऐतिहासिक हॅन्सार्ड : एका जमीनदार बँकरचा हरलेला युक्तिवाद वाचताना

ब्रिटिश संसदेतील चर्चांचा १८०३ ते २००५ या काळातील संग्रह ‘हिस्टॉरिक हॅन्सार्ड’ या नावाने संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला आहे. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही, आणि पाने निव्वळ मजकुराची असल्यामुळे साध्या फोनवरही ती चटकन उघडतात. पुण्यात राहून एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश राजकारण वाचू पाहणाऱ्याला ही सेवा कितपत कामाची आहे हे पाहताना मी ग्लॅडस्टन किंवा डिझरायली या पंतप्रधानांची नावे मुद्दाम टाळली, कारण त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की संग्रहाची मदत न घेताही वाचकाचे अडत नाही. अशा संग्रहाचा कस लागतो तो मराठी वाचकाच्या कानावर सहसा न आलेल्या, दुसऱ्या फळीतल्या माणसाच्या बाबतीत. त्यासाठी मी जॉन गेलिब्रँड हबर्ड यांना निवडले.

हबर्ड यांचा जन्म १८०५ चा. रशियाशी व्यापार करणारी घरची पेढी, १८३८ पासून बँक ऑफ इंग्लंडचे संचालकपद, १८५३ ते १८५५ या काळात त्याच बँकेचे गव्हर्नरपद, बकिंगहॅमशायरमधील ॲडिंग्टन येथे जमीनजुमला आणि वाडा, आणि हुजूर पक्षातर्फे आधी बकिंगहॅमची (१८५९ ते १८६८), नंतर लंडन सिटीची (१८७४ ते १८८७) खासदारकी, असा त्यांच्या आयुष्याचा ढोबळ आराखडा सांगता येतो. १८८७ मध्ये त्यांना बॅरन ॲडिंग्टन ही सरदारकी मिळाली आणि १८८९ मध्ये ते वारले. चरित्रकोशात एवढे सगळे असते. हे वाचून माणूस मात्र कळत नाही. व्हिक्टोरियन काळात पेढीवर पैसा कमवायचा, त्यातून जमीन घ्यायची आणि जमिनीच्या जोरावर संसदेत जायचे, हा रस्ता पुष्कळांनी धरला होता, आणि कोशातली नोंद वाचून हबर्ड त्या पुष्कळांतले एक वाटतात. रशियाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या घरातला माणूस क्रिमियाच्या युद्धात, म्हणजे ब्रिटन रशियाशी लढत असताना, देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या खुर्चीवर बसला होता, ही खरे तर थांबून पाहण्याजोगी गोष्ट आहे. कोशात ती दोन वेगळ्या वाक्यांत विभागून जाते.

हॅन्सार्डमध्ये व्यक्तीच्या नावाचे पान उघडले की मतदारसंघ आणि पदव्या वर दिसतात, आणि खाली वर्षवार, दिवसवार त्या व्यक्तीच्या भाषणांची यादी लागते. प्रत्येक नोंदीत सभागृह, तारीख, खंडाचा क्रमांक आणि स्तंभांचे क्रमांक असतात. मूळ छापील खंडात प्रत्येक पानावर दोन स्तंभ असत आणि क्रमांक पानाला नसून स्तंभाला असे, त्यामुळे कोणत्याही जुन्या ग्रंथातल्या तळटीपेवरून थेट त्या वाक्यापाशी पोहोचता येते. हबर्ड यांच्या यादीवरून नजर फिरवताना विषय विखुरलेले असूनही एक विषय पुन्हा पुन्हा समोर येत राहतो, तो म्हणजे प्राप्तिकर. या संग्रहाची खरी ताकद मला इथे जाणवली. आवडत्या विषयावर एखाद्याने एकदा जोरदार भाषण केले, याला फारसे महत्त्व नसते. तोच विषय हरल्यानंतरही त्याने किती वर्षे लावून धरला, यावरून त्याची निष्ठा समजते, आणि ही गोष्ट दाखवायला तारखांच्या यादीइतके नेमके साधन दुसरे नाही.

तो युक्तिवाद थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण पुण्यातल्या करसल्लागारांना आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो आजही जवळचा वाटेल. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी १८४२ मध्ये प्राप्तिकर पुन्हा लागू केला, तेव्हा वार्षिक १५० पौंडांवरच्या उत्पन्नाला पौंडामागे (म्हणजे २४० पेन्सांमागे) सात पेन्स असा एकच दर ठेवला होता. आता समजा, एकाला शेतजमिनीच्या खंडातून ३०० पौंड मिळतात आणि दुसरा डॉक्टर असून तोही ३०० पौंड कमावतो. दोघांचा कर सारखाच. पण खंडाचे उत्पन्न मालक आजारी पडला तरी थांबत नाही आणि तो गेल्यावर मुलांकडे जाते. डॉक्टरचे उत्पन्न त्याचा हात थांबला की थांबते, म्हणून त्यातला काही भाग त्याला पुढच्या दिवसांसाठी बाजूला टाकावाच लागतो. हबर्ड यांचे म्हणणे असे की कष्टाच्या आणि धंद्याच्या उत्पन्नातून एक तृतीयांश वजा करून उरलेल्यावर कर घ्यावा. मात्र ते एवढ्यावर थांबत नव्हते. जमिनीचा कर एकूण खंडावर बसत असे, त्यातून कुळांच्या घरांची आणि गोठ्यांची दुरुस्ती वजा होत नसे. तेव्हा जमीनदारालाही निव्वळ उत्पन्नावरच कर असावा, असा त्यांच्या योजनेचा दुसरा भाग होता. या दोन भागांत त्यांच्या आयुष्याच्या दोन्ही बाजू सरळ उतरलेल्या दिसतात: एका बाजूला लंडनचा व्यापारी, दुसऱ्या बाजूला ॲडिंग्टनचा मालक. आपल्या वर्गाचा स्वार्थ पाहणाऱ्याने फक्त दुसरा भाग मांडला असता आणि नुसत्या लोकप्रियतेच्या मागे लागलेल्याने फक्त पहिला. दोन्ही एकत्र मांडणाऱ्या माणसाविषयी माझा आदर इथे वाढला.

त्याला उत्तर १८५३ मध्ये अर्थमंत्री असलेल्या ग्लॅडस्टन यांच्याकडून आधीच देऊन झाले होते, आणि तेही याच संग्रहात आहे. १८ एप्रिल १८५३ चे त्यांचे अंदाजपत्रकी भाषण जवळजवळ पाच तास चालले. त्यात त्यांनी असा हिशेब मांडला की जमिनीवरचा कर एकूण उत्पन्नावर बसतो, त्यामुळे सात पेन्सांचा दर प्रत्यक्षात नऊ पेन्सांच्या घरात जातो; म्हणजे धंद्याला हवी असलेली सवलत मुळातच मिळालेली आहे, आणि एकदा फरक करायला सुरुवात केली की करच मोडकळीस येईल. हबर्ड यांची भाषणे वाचण्याआधी हे भाषण वाचणे फार गरजेचे आहे. दोन अन्याय एकमेकांना तोलून धरतात म्हणून दोन्ही राहू द्यावेत, की दोन्ही दूर करावेत, असा तो मूळ वाद होता, आणि तो समजल्याशिवाय हबर्ड यांची पुढची तीस वर्षे केवळ हट्टासारखी दिसतात.

१८६१ मध्ये सरकारच्या इच्छेविरुद्ध त्यांनी या प्रश्नावर संसदीय समिती मिळवली. ते तिचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी तयार केलेला अहवालाचा मसुदा त्यांच्याच समितीने नाकारला. इतका स्पष्ट पराभव पदरी आल्यावर बहुतेक जण दुसरा विषय धरतात. हबर्ड यांनी धरला नाही. त्यांच्या निधनानंतर १८९४ मध्ये विल्यम हार्कोर्ट यांनी दुरुस्तीपोटी जमिनीच्या उत्पन्नातून एक अष्टमांश आणि घरांच्या उत्पन्नातून एक षष्ठांश वजावट दिली, आणि १९०७ मध्ये ॲस्क्विथ यांनी दोन हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांच्या कष्टाच्या मिळकतीवरचा दर एका शिलिंगावरून (बारा पेन्सांवरून) नऊ पेन्सांवर आणला. मागणीचे दोन्ही भाग अशा रीतीने मान्य झाले, आणि दोन्ही वेळा मान्य करणारे अर्थमंत्री उदारमतवादी, म्हणजे विरोधी पक्षाचे होते.

पुण्याच्या वाचकाने हे सगळे का वाचावे, असा प्रश्न कोणी विचारील. हबर्ड १८५९ मध्ये निवडून आले तेव्हा काही काळ त्याच सभागृहात जेम्स विल्सन होते. त्याच वर्षी विल्सन सरकारचे अर्थसदस्य म्हणून हिंदुस्थानात आले आणि १८६० मध्ये त्यांनी इथे प्राप्तिकर आणला: वार्षिक दोनशे ते पाचशे रुपये उत्पन्नावर दोन टक्के आणि त्याहून अधिक उत्पन्नावर चार टक्के. ज्या कराच्या न्याय्यतेवर लंडनमध्ये एवढा काथ्याकूट चालला होता, तो आपल्याकडे प्रतिनिधींची सभा नसताना लागू झाला, ही गोष्ट दोन्हीकडच्या तारखा शेजारी ठेवल्यावर मनाला लागते. पुढे १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न करातून वगळले, आणि करपात्र उत्पन्नाच्या किमान मर्यादेचा प्रश्न गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणात उचलून धरला. दुसऱ्याच वर्षी ती पाचशेवरून एक हजार रुपयांवर गेली. गोखले, न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या पिढीने ब्रिटिश संसदेचे कागद किती बारकाईने वाचले होते, याचा पुण्याला विसर पडता कामा नये. त्यांना जे छापील खंड मिळवून वाचावे लागत, ते आज आपल्या हातातल्या फोनवर आहेत.

आता या सेवेच्या मर्यादांकडे येतो, कारण त्या ठाऊक नसल्या तर वाचकाची दिशाभूल होईल. व्हिक्टोरियन काळातले हॅन्सार्ड हे शब्दशः टिपलेले इतिवृत्त नाही. ते बव्हंशी वृत्तपत्रांतल्या वृत्तांतांवरून जुळवले जात असे. शब्दशः नोंद ठेवणारे अधिकृत इतिवृत्त १९०९ पासून सुरू झाले. त्यामुळे हबर्ड यांची भाषणे बहुधा ‘ते म्हणाले की’ अशा धाटणीने येतात, वाक्ये आटोपशीर झालेली असतात, आणि सभागृहातली कुजबुज किंवा हशा क्वचितच कंसात उरतो. मोठ्या नेत्यांची भाषणे सविस्तर, तर मागच्या बाकावरच्या सदस्यांची चार ओळींत, हाही भेद आहेच. म्हणून या पानांतील वाक्य हबर्ड यांचे नेमके शब्द म्हणून अवतरणचिन्हात घालताना जपावे. छापील पानांवरून यंत्राने उचललेल्या मजकुरात अक्षरे आणि आकडे इकडचे तिकडे होणेही अटळ असते. करासारख्या विषयात एखादा पेन्स चुकला तर सगळा हिशेब बिघडतो, तेव्हा आकडा दुसऱ्या ठिकाणी पडताळून घेतल्याशिवाय वापरू नये.

नावांचा घोळ हा त्याहून मोठा धोका. हबर्ड यांचे चिरंजीव एगर्टन हबर्ड हे १८७४ ते १८८० आणि पुन्हा १८८६ पासून बकिंगहॅमचे खासदार होते. म्हणजे वडील लंडन सिटीचे आणि मुलगा बकिंगहॅमचा, असे दोघे एकाच सभागृहात एकाच पक्षाच्या बाकांवर बसत. त्या वर्षांतले नुसते ‘मिस्टर हबर्ड’ दिसले की आद्याक्षरे, विषय आणि आजूबाजूची चर्चा पाहूनच ते कोणाचे भाषण आहे हे ठरवावे लागते.

आणि संसदेबाहेरचा माणूस इथे सापडत नाही. लंडनच्या होबर्न भागातल्या गरीब वस्तीत हबर्ड यांनी स्वतःच्या खर्चाने सेंट आल्बन हे चर्च बांधवले. विल्यम बटरफील्ड हे त्याचे वास्तुरचनाकार, आणि १८६३ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. तिथले पहिले धर्मगुरू अलेक्झांडर मॅकोनॉकी यांनी उपासनेत जे विधी आणले त्यांवरून १८६७ पासून वर्षानुवर्षे खटले चालले, आणि चर्च उभारणारे हबर्ड स्वतः परंपरानिष्ठ असूनही त्यांतल्या काही विधींवर नाराज होते. आपल्या पैशाने उभ्या केलेल्या देवळात आपल्याला न पटणारी पूजा चालावी, आणि तरीही ते देऊळ टिकावे असे वाटावे, या अवस्थेत माणूस काय विचार करत असेल, हे स्तंभांच्या क्रमांकांतून कळण्यासारखे नाही. ॲडिंग्टनच्या कुळांविषयीही तसेच. १८६७ च्या मतदानविषयक सुधारणा कायद्याने बकिंगहॅमच्या दोन जागांची एक झाली आणि १८६८ मध्ये हबर्ड संसदेबाहेर गेले. ती जागा उदारमतवादी सर हॅरी व्हर्नी यांच्याकडे राहिली. 

संसदेबाहेरच्या माहितीची ही उणीव भरून काढायला पुण्यात सोय आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय भारत सेवक समाजाच्या जुन्या संग्रहातून वाढले आहे, आणि अर्थव्यवहाराच्या इतिहासावरील ग्रंथ शोधणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. जुन्या ब्रिटिश वृत्तपत्रांचे सशुल्क संग्रहही उपलब्ध आहेत. त्यांतल्या एकाची वर्गणी मी घेतली होती, पण एका खासदाराच्या मागे लागण्यासाठी ती मला महाग वाटली, आणि हवे ते स्थानिक वृत्तपत्र त्यात मिळाले नाही. संशोधनासाठी अनुदान असेल तरच त्या वाटेला जावे, असे माझे मत आहे.

नव्या वाचकाने शोधखिडकीत ‘इन्कम टॅक्स’ टाइप करून सुरुवात करू नये. त्या शब्दांखाली इतके काही येते की उत्साहच मावळतो. आधी व्यक्तीचे पान उघडावे, त्यातून १८६१ हे वर्ष निवडावे, समितीच्या मागणीवरची चर्चा सलग वाचावी, आणि हबर्ड यांच्यानंतर बोलणाऱ्यांची उत्तरे वगळू नयेत. हिंदुस्थानविषयीच्या चर्चा हव्या असतील तर पुण्याचे नाव ‘पूना’ या इंग्रजी वर्तनीने शोधावे लागते. इंग्रजी बेताचे असलेल्याला त्या काळची लांबलचक वाक्ये सुरुवातीला जड जातील, पण विषयाची ओळख झाली की ती अंगवळणी पडतात. आमच्या वाचनगटाने १८५३ आणि १८६१ ही दोन वर्षे संपवून आता १९०७ चे अंदाजपत्रक घेतले आहे, आणि ॲस्क्विथ यांच्या बाजूने व विरोधात बोलणाऱ्यांपैकी हबर्ड यांचे नाव कोण घेते आणि कोण घेत नाही, याची नोंद ठेवत आम्ही तो खंड वाचत आहोत.