शतावरी घ्यायची तर मुळी, चूर्ण की कल्प?

बाळंतीण घरी आली की पाठोपाठ शतावरी कल्पाचा डबाही येतो, आणि बऱ्याच घरांत शतावरीची ओळख तिथेच संपते. मूळ वस्तू वेगळीच: काटेरी वेल, तिच्या बुडाशी जमिनीत झुपक्यानं वाढणाऱ्या बोटाएवढ्या जाड मुळ्या, आणि औषध म्हणून वापरायच्या त्या या मुळ्याच. बाजारात त्या सुक्या मुळीच्या, चूर्णाच्या, कल्पाच्या आणि गोळ्यांच्या रूपात मिळतात. आमचा कौल सुक्या मुळीला. तयार कल्प सगळ्यात शेवटी.

त्याचं कारण डब्याच्या पाठीवरच छापलेलं असतं. 'प्रत्येक 10 ग्रॅममध्ये' या ओळीखाली शतावरीचा आकडा शोधा. तो 1 ग्रॅम असेल तर 300 ग्रॅमच्या डब्यात शतावरी झाली 30 ग्रॅम. बाकीची साखर, थोडी वेलची आणि नावाला केशर. शतावरी चूर्णाची नेहमीची मात्रा 3 ते 6 ग्रॅम. त्यातली कमीत कमी, म्हणजे 3 ग्रॅम पोटात जायची तर असा कल्प 30 ग्रॅम खावा लागतो, आणि सोबत 27 ग्रॅमच्या आसपास साखर जाते. वरून घातलेली साखर दिवसभरात साधारण 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. दुधात दोन चमचे घालून भागवलं तर साखरेचं दूध प्यायल्यासारखंच. काही डब्यांवर चूर्णाऐवजी अर्काचा आकडा असतो, तिथं गणित बदलतं: दहास एक अर्क (दहा भाग मुळीपासून एक भाग अर्क) असेल तर 100 मिलिग्रॅम म्हणजे 1 ग्रॅम मुळी धरायची. ज्या डब्यावर आकडाच नाही, तो दुकानातच राहू द्यावा.

सुकी मुळी काष्ठौषधीच्या दुकानात सुटी मिळते. मुंबईत मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत, पुण्यात रविवार पेठेत. दुकानदार सहसा दोन प्रकार पुढे करतो, सालीसकट आणि सोललेली. सोललेली घ्या. ताज्या मुळ्या थोड्या उकळून साल काढतात, मधली दोऱ्यासारखी शीर ओढून काढतात आणि मग वाळवतात. अशी मुळी फिकट पिवळसर, उजेडात धरली तर किंचित पारदर्शक दिसते आणि अंगावर उभ्या सुरकुत्या असतात. दोन्ही हातांत धरून मोडून बघा. कट्‌कन तुटली तर नीट वाळलेली. चामड्यासारखी वाकली तर आत ओल आहे, आणि ती ओल तुम्ही मुळीच्या भावानं विकत घेताय. मोडलेल्या तोंडाशी शीर तशीच दिसत असेल तर दळताना तंतूच तंतू निघतील. तुकडा चघळला की आधी गोडसर, मग मागून हलका कडवटपणा, आणि जिभेवर बुळबुळीत थर येतो. नुसता पिठूळ लागला तर माल जुना किंवा भलताच. चुन्यासारख्या पांढऱ्याशुभ्र मुळीचा वास घ्या. नाकाला झोंबला तर गंधकाच्या धुरीचा संशय धरावा. बारीक भोकं आणि तळाशी पिठासारखा भुगा दिसला की किडा लागलाय, मग भाव कितीही उतरवला तरी नको.

ओल्या मुळीत बहुतांश पाणीच असतं. किलोभर सुक्या मालासाठी आठ-दहा किलो ओल्या मुळ्या लागतात, म्हणून फार स्वस्त मिळाली तर खूश होण्याआधी विचार करावा. फसवणूक मात्र जास्त होते ती उलट बाजूनं: सफेद मुसळी ही दुसरी औषधी मुळी कितीतरी महाग, म्हणून शतावरीच्या मुळ्या मुसळी म्हणून गळ्यात मारल्या जातात. (त्या मुसळीच्या शास्त्रीय नावात आपलं बोरिवली आहे: क्लोरोफायटम बोरिविलियानम.) सुपरमार्केटात शतावरी म्हणून मिळणारे जाड हिरवे कोंब हे अॅस्परॅगस ऑफिसिनॅलिस. भाजी चांगली होते, पण औषधातली शतावरी ती नव्हे. नर्सरीतल्या शोभेच्या अॅस्परॅगसच्या मुळ्या उकरून उपयोग नाही, हे सांगावं लागतं कारण विचारणारे भेटतात.

घरी दळायचं तर आधी मुळ्यांचे बारीक तुकडे करून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. ही पायरी टाळली की मिक्सरच्या उष्णतेनं आतली साखर आणि चिकटा सुटतो आणि भांड्याच्या तळाशी डिंकासारखा गोळा बसतो. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. मग कापडछान करायचं. वर उरलेली भरड टाकायची नाही, ती दुधात उकळायला लागते.

तयार चूर्ण घ्यायचं तर लहान पाकीट घ्या, आणि त्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव अॅस्परॅगस रेसिमोसस आणि 'मूळ' हा भाग दोन्ही छापलेलं हवं. चमचाभर चूर्ण बाटलीत अर्धा पेला पाण्यात घालून मिनिटभर हलवा. मुळीत सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस करणारे घटक असतात, त्यामुळे दाट फेस येऊन बराच वेळ टिकायला हवा. फेसच नाही आला तर पाकीट परत करा. फेस आला म्हणजे माल शंभर टक्के शुद्ध, असं मात्र नाही; मुसळीलाही फेस येतो.

भरडीचा क्षीरपाक हा या मुळीचा सगळ्यात चांगला वापर. शास्त्रातलं प्रमाण एकास आठ दूध आणि बत्तीस पाणी: 5 ग्रॅम भरड, 40 मिलिलिटर दूध, 160 मिलिलिटर पाणी. मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचं आणि गाळून कोमट प्यायचं. मोठी आच दिली तर दूध तळाला लागतं आणि मुळीचा अंश पुरता उतरत नाही. भरडीऐवजी बारीक चूर्ण घातलं तर खळ तयार होते, गाळणीतून काही उतरत नाही.

गोडाशिवाय घशाखाली उतरत नसेल तर कल्प घरी करा. 100 ग्रॅम चूर्ण, 300 ग्रॅम खडीसाखर, 100 मिलिलिटर पाणी, चमचाभर तूप, पाच-सहा वेलच्या. पाक गोळीबंद हवा, थेंब थंड पाण्यात टाकला की बोटांत गोळी वळली पाहिजे. गॅस बंद करून कडा पांढुरक्या होईपर्यंत घोटा, मग तूप, वेलची आणि तीन वेळा करून चूर्ण. लाडवासाठी तगार (रवाळ साखर) करतो तसंच हात न थांबवता घोटत राहायचं, रवाळ झालं की चाळणीतून काढायचं. पाक कच्चा राहिला तर कल्प चिकटच राहतो. पुन्हा मंद आचेवर दोन मिनिटं परतून बघा. पाक पुढे गेला तर दगड होतो, पण तो कुटता येतो. चूर्ण आचेवर असताना घातलं तर करपतं, आणि हा कडवटपणा साखरेनं झाकत नाही. पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भरा. यातल्या 10 ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम शतावरी येते.

गोळ्या प्रवासात सोयीच्या, एवढंच. 500 मिलिग्रॅम चूर्णाच्या गोळ्या असतील तर 3 ग्रॅमसाठी सहा लागतात.

आता दुधाचं. शतावरीनं अंगावरचं दूध वाढतंच, असं ठाम सांगणारा पुरावा अजून नाही. 1996 मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये आलेल्या चाचणीत फरक दिसला नाही. 2011 मध्ये 60 स्तनदा मातांवरच्या चाचणीत प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक, वाढलेलं दिसलं. दोन्ही चाचण्या लहान. तेव्हा बाळाचं वजन वाढत नसेल तर कल्पाच्या भरवशावर आठवडे काढू नयेत, बाळ नीट ओढतंय का हे आधी डॉक्टरांना दाखवावं. शतावरी गुरु आणि शीत मानलेली, त्यामुळे भूक मंद असताना किंवा छातीत कफ भरलेला असताना ती पचायला जड जाते. पोट फुगलं तर मात्रा निम्मी करा. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या संप्रेरकाशी निगडित आजारात आणि मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधं चालू असताना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेह्यांनी कल्प नकोच. मुळी किंवा चूर्ण, तेही साखरेवर लक्ष ठेवून.

पावसाळ्यात चूर्ण हवेतली ओल ओढतं आणि ढेकळं होतात, म्हणून जूनआधी चूर्णाऐवजी सुकी मुळी आणून ठेवावी, आणि लागेल तसं पंधरा दिवसांपुरतं दळावं.