मिनीडिस्क रेकॉर्डर: सात महिने वापरल्यावर

सात महिन्यांपूर्वी सेकंडहँड मिनीडिस्क रेकॉर्डर घेतला (मिनीडिस्क म्हणजे सोनीची प्लास्टिकच्या डबीतली छोटी डिस्क, पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करता येणारी), नेट एमडीवाला, म्हणजे यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता येणारा, आणि तेव्हापासून जवळपास रोज हातात असतो. मुख्य काम म्हणजे बाबांच्या जुन्या आठवणी माईक लावून रेकॉर्ड करायच्या.

आवाज मस्त. सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट आणि इथे अ‍ॅट्रॅक नावाचं कॉम्प्रेशन करून, म्हणजे आवाज कमी जागेत बसवून, साधारण २९२, तरी बोलण्यात मला काहीच कमी वाटत नाही. १९९२ च्या पहिल्या मशीन्सचा आवाज एवढा चांगला नव्हता, हेही खरंय. आणि एडिटिंग तर काय सांगू, मधला खोकला काढायचा तर त्याच्या आधी डिव्हाइड, नंतर डिव्हाइड, मधला तुकडा डिलीट, झालं, मूळ आवाजाला हातच लागत नाही कारण बदलते ती फक्त डिस्कवरची यादी, टीओसी म्हणतात तिला.

पण त्याच टीओसीने एकदा रडवलं. बाबा चाळीस मिनिटं बोलले, मी स्टॉप दाबलं, डिस्क घुर्रर्र करत यादी लिहायला लागली आणि तेवढ्यात सेल संपला. परत चालू केलं तर डिस्क कोरी दाखवते. बाबा म्हणाले परत सांगतो, पण तसं बोलणं परत होत नाही.

तरी माझ्या मते हा फॉरमॅट बुडाला तो यामुळे नाही. यूएसबीने गाणी कॉम्प्युटरवरून डिस्कवर पटापट जातात, पण माझंच माईकवरचं रेकॉर्डिंग सोनीच्या सॉफ्टवेअरने त्याच वायरवरून बाहेर येत नाही!! हेडफोनच्या भोकातून वायर लावून ७४ मिनिटांची डिस्क ७४ मिनिटं बसून उतरवायची. सगळं कॉपीच्या भीतीपोटी. १९८७ च्या डॅटचंही, म्हणजे डिजिटल टेपच्या छोट्या कॅसेटचंही, तेच झालं, कॉम्प्रेशन नाही, आवाज एक नंबर, पण रेकॉर्ड कंपन्या घाबरल्या, मग कॉपीची डिजिटल कॉपी अडवणारं एससीएमएस आलं, स्टुडिओत टिकली पण घरात कधी रुजली नाही. फिलिप्सची डीसीसी, म्हणजे डिजिटल कॅसेट, तिची मशीन जुन्या साध्या कॅसेटही वाजवायची, हे मला फार आवडलेलं, पण शेवटी टेपच, मागेपुढे फिरवत बसा, १९९२ ला आली आणि १९९६ ला बंद.

इकडे घरी रेकॉर्ड करायची कोरी सीडी, सीडी-आर, स्वस्त झाली, एमपीथ्री आलं, फाइल कुठूनही कुठेही न्या, कोणी अडवत नाही. २००४ च्या हाय-एमडीत, म्हणजे मिनीडिस्कच्याच पुढच्या आवृत्तीत, स्वतःचं रेकॉर्डिंग बाहेर काढू द्यायला लागले, एक जीबीची डिस्क पण दिली, तोपर्यंत लोकांच्या खिशात हार्डडिस्कवाले प्लेयर होते. हीच मोकळीक पहिल्यापासून दिली असती तर एवढी सुंदर वस्तू अशी गेली नसती, असं मला मनापासून वाटतं.

घ्यायचा असेल तर रेकॉर्डिंगला बसण्याआधी सेल पूर्ण भरलेला आहे ना बघा आणि कोऱ्या डिस्क आधी जमवा, सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत त्या बनवणं थांबवलंय. माझ्याकडे अकरा आहेत, त्यातल्या सहा बाबांच्या, त्यांच्या कडेची खिटी सरकवून लॉक करून ठेवल्यात.